नुसतं व्याज भरत राहिलो

माझ्या पहिल्याच कन्फेशनला मी खोटं बोललो. (कन्फेशन म्हणजे पापनिवेदन, फादरसमोर आपली पापं सांगून क्षमा मागायची.) आठ-नऊ वर्षांचा असेन, फर्स्ट कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या, आधीचा आठवडा, आणि शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की पापं आठवून आठवून वहीच्या पानावर लिहून काढा म्हणजे आत गेल्यावर त-त-प-प होणार नाही. मी लिहायला बसलो तर तीनच निघाली. आईला उलटं बोललो, गृहपाठ केला नाही, मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी मागे वळून बोललो. शेजारच्या पोराकडे अकरा होती! मला एकदम ओशाळल्यासारखं झालं, एवढं मोठं चर्च, एवढे फादर बाहेरच्या गावांहून आलेले, आणि आपण तीन पापं घेऊन जायचं? म्हणून मी चौथं बनवलं, शेजारच्या काकूंच्या कोंबडीचं अंडं चोरलं. फादरनी प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मारिया प्रार्थना सांगितल्या, मी म्हटल्या, घरी आलो आणि रात्री लक्षात आलं की आपण कन्फेशनमध्येच खोटं बोललोय. झोप उडाली. आठवडाभर कसाबसा काढला आणि पुढच्या शनिवारी परत जाऊन सांगितलं, फादर, मागच्या वेळी जे अंडं चोरलं होतं ना, ते चोरलंच नव्हतं. जाळीपलीकडून आधी काही आवाजच आला नाही, मग खोकल्यासारखं काहीतरी. आता कळतं की ते हसू दाबत होते.

ही गोष्ट मी लग्नकार्यात, पार्टीत वगैरे सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. दुसरी गोष्ट मात्र बारा वर्षं कोणाला सांगितली नव्हती, म्हणजे सांगत होतो, पण सांगत नव्हतो, ते कसं ते पुढे येईल.

आमची वाडी वसईत, आजोबांच्या नावावरची. विहीर, नारळ, थोडी केळी. आजोबांना दोनच मुलं, माझे बाबा आणि आत्या. आत्याने लग्न केलं नाही, आजीचं आजारपण काढलं, मग आजोबांचं काढलं, मग त्याच जुन्या घरात एकटी राहिली. आता आम्हा ख्रिस्ती लोकांना हिंदू वारसा कायदा लागत नाही, १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा फरकच नाही, सगळी मुलं सारखी. म्हणजे वाडी सरळ सरळ अर्धी आत्याची. मला हे पक्कं माहीत होतं कारण मी वकिलाला विचारलं होतं. तिला माहीत नव्हतं कारण तिने कधी कोणाला विचारलंच नव्हतं.

बाबा गेले आणि २००६ साली मी आत्याला म्हटलं, सातबाऱ्यावर नावं नीट लावून घ्यायचीत, तुझी एक सही लागेल. रिक्षाने दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नेलं. कागद समोर आल्यावर तिने पिशवीत हात घातला आणि म्हणाली, चष्मा घरीच राहिला वाटतं रे. घर दहा मिनिटांवर होतं. मी म्हटलं, काही नाही गं आत्या, मी आहे ना. तिने सही केली, अंगठा दिला, फोटो काढला, बाहेर येऊन मी तिला उसाचा रस पाजला. तो कागद हक्कसोडपत्र होता.

नंतर काही गुंठे बिल्डरला गेले, त्या पैशातून मुलांची शिक्षणं झाली, फ्लॅटचं लोन फिटलं. आत्याला कोणी घराबाहेर काढलं नाही, वाडीतले नारळ तिचे तीच उतरवून विकायची, म्हणजे वरवर पाहिलं तर काहीच बदललं नव्हतं. मी स्वतःला हेच सांगायचो.

पण आत काहीतरी कुरतडत होतं आणि मी सवयीचा कॅथलिक, म्हणून कन्फेशनला जायला लागलो. आपल्या चर्चमध्ये नाही हं! आपल्या फादरना आवाज ओळखू येतो. मी बुधवारी ऑफिस सुटल्यावर माहीमला उतरायचो, नोव्हेनाची, म्हणजे तिथल्या बुधवारच्या खास प्रार्थनेची, तुफान गर्दी असते, तिथे आपण कोण हे कोणाला पडलेलं नसतं. कधी बांद्र्याला, एकदा तर गोव्याला फिरायला गेलो असताना तिथे, तिकडे कोकणीत कन्फेशनला कुमसार म्हणतात, मी आपलं मोडक्यातोडक्या इंग्रजीत उरकलं. आणि दर वेळी वाक्य एकच, घासूनपुसून ठेवलेलं: ‘मालमत्तेच्या बाबतीत मी अप्रामाणिकपणे वागलो.’ बघा, यात आत्या नाही, चष्मा नाही, उसाचा रस नाही. त्या वाक्यात इन्कम टॅक्सही बसतो आणि शेजाऱ्याच्या कुंपणाचा वादही बसतो. फादर क्षमा द्यायचे, मी एक दशक रोझरी, म्हणजे जपमाळेतल्या दहा नमो मारिया, म्हणायचो, दोन-तीन आठवडे हलकं वाटायचं आणि मग पुन्हा कुरतडणं सुरू.

यात एक गंमत होती आणि ती कळायला मला फार वर्षं लागली. मला त्या कुरतडण्याचा एक प्रकारचा अभिमान होता. मी रात्री जागायचो, मला अपराधी वाटायचं, आणि वाटायचं की बघा, मी काही निगरगट्ट नाही, निगरगट्ट माणसाला कुठे असं वाटतं? सावकाराकडे दर महिन्याला वेळेवर व्याज भरणाऱ्या माणसाचं गावात नाव चांगलं असतं. मुद्दल मागायला कोणी येत नाही. मी बारा वर्षं व्याज भरत होतो, झोपेच्या हप्त्याने, आणि मुद्दल माझ्याकडे आरामात पडलेलं होतं.

पश्चात्तापाला लॅटिनमध्ये दोन शब्द आहेत आणि त्यांचं मूळ कळल्यावर मला आमच्या आजीचा पाटा-वरवंटाच आठवला. एक आत्रित्सियो, म्हणजे घासलं जाणं, झिजणं. दुसरा कोन्त्रित्सियो, म्हणजे पार चुरा होणं, कुटलं जाणं. सुपारी पाट्यावर नुसती घासली तर गुळगुळीत होते, वास थोडासा सुटतो, सुपारी मात्र सुपारीच राहते. चर्चने या दोन शब्दांवर बराच विचार केलाय. १५५१ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सांगितलं की पश्चात्ताप म्हणजे केलेल्या पापाबद्दल मनाला होणारं दुःख आणि त्या पापाचा तिटकारा, आणि पुन्हा ते न करण्याचा निश्चय. देवावरच्या प्रेमापोटी झाला तर तो पूर्ण. नरकाच्या भीतीने किंवा पापाच्या किळसेने झाला तर तो अपूर्ण, पण तोही देवाचंच देणं आहे, टाकाऊ नाही, पापनिवेदनाला यायला तेवढा पुरतो. यावर पुढे धर्मपंडितांची इतकी जुंपली, की भीतीच्या पश्चात्तापात थोडं तरी प्रेम असायलाच हवं की नको, की शेवटी १६६७ साली पोप अलेक्झांडर सातवे यांना फर्मान काढावं लागलं की दोन्ही बाजूंनी एकमेकांना पाखंडी वगैरे म्हणणं बंद करा. निकाल काही दिला नाही, नुसतं भांडण थांबवलं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, घरातल्या कर्त्या माणसासारखं.

आणि लहानपणी पाठ केलेली पश्चात्तापाची प्रार्थना काढून बघा, तिच्यात दोन्ही एकाच दमात येतात, नरकाची भीती पण आणि देवा तू इतका चांगला असताना मी तुला दुखावलं हे पण. म्हणजे प्रार्थना लिहिणाऱ्याला माहीत होतं की माणूस येतो तेव्हा दोन्हीची भेळ घेऊनच येतो.

माझा प्रॉब्लेम असा की माझ्याकडे दोन्ही नव्हतं. नरकाची मला फारशी भीती वाटत नव्हती, खरं सांगतो, आणि देवाला दुखावलं असंही कधी वाटलं नाही. मला वाईट वाटत होतं ते माझ्याबद्दल. मी असा कसा निघालो, मी, जो एवढा चर्चला जाणारा, दर वर्षी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला वाचन करणारा. बारा वर्षांत आत्याला काय वाटलं असेल, तिला पावसाळ्यात कौलं फिरवायला पैसे पुरले असतील का, हा विचार मी फार तर दोन-तीनदा केला असेल. अपराधी भावना आरशासमोर बसून राहते. समोर आत्या उभी असली तरी त्या भावनेला आरशात आपलंच थोबाड दिसतं.

याची दुसरी तऱ्हा संत इग्नेशियस लोयोलाची. हा स्पेनमधला सैनिक माणूस, १५२२ च्या मार्चमध्ये मोन्सेरातच्या मठात गेला आणि आयुष्यभराची पापं लिहून काढून कबूल केली, तीन दिवस लागले. तीन दिवस! एवढं करून मन शांत व्हावं ना? तर नाही. तिथून मान्रेसाला गेला आणि तिथे त्याला वाटायला लागलं की अमुक सांगायचं राहिलं, तमुक नीट सांगितलं नाही, परत जायचा, परत सांगायचा. खोलीत एक मोठं भोक होतं त्यात उडी टाकावी इथपर्यंत गेला. आठवडाभर अन्नपाणी सोडलं, शेवटी कन्फेशन ऐकणाऱ्या फादरनी हुकूम केला की जेव. त्याच फादरनी आधी एकदा सांगितलं होतं की जुनं काही उगाळू नकोस, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग, आणि याला तर सगळंच अगदी स्पष्ट दिसत होतं, त्यामुळे त्या सल्ल्याचा शून्य उपयोग झाला, हे त्याने स्वतःच पुढे सांगून ठेवलंय. मला हे वाचून हसू आलं, अंड्याची आठवण झाली. अशा मनाला इंग्रजीत जो शब्द आहे, स्क्रूपल, तो ज्या लॅटिन शब्दावरून आलाय त्याचा अर्थ टोकदार बारीक खडा. चपलेत अडकलेला. शेवटी त्याने ठरवलं की मागचं आता कधीही परत सांगायचं नाही, बास, आणि सुटला.

तो सगळं सांगून क्षमा घेऊ शकत नव्हता. मी काही न सांगता क्षमा घेत होतो. कृपेला दार दोघांनीही लावलेलं, त्याने आतून कडी घातली होती आणि मी कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली होती.

आणि कृपा हा शब्द तर आमच्या तोंडात चोवीस तास. संध्याकाळच्या रोझरीत नमो मारिया ५३ वेळा, त्या प्रार्थनेत कृपा हा शब्द येतोच, म्हणजे ५३ वेळा कृपा. १९९८ साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला त्याचं कॅथेड्रल पापडीला, तेही कृपेच्या मातेच्या नावाचं. इतक्या वेळा म्हटलेला शब्द दगडी पायरीसारखा होतो, पाय ठेवायचा आणि पुढे जायचं. माझी समजूत अशी होती की आधी आपण पश्चात्ताप करायचा, मग देव खूश होऊन कृपा करतो, बढतीसारखं. अर्ज केला, साहेबांनी मंजूर केला. ५२९ साली दक्षिण फ्रान्समधल्या ऑरेंज गावात बिशप मंडळी जमली होती तेव्हाच त्यांनी ही समजूत मोडीत काढली होती, की पापातून धुतलं जावं ही नुसती इच्छा जरी मनात आली तरी ती आपली नव्हे, तीही आतून कोणीतरी जागी केलेली असते. म्हणजे अर्जसुद्धा साहेबानेच लिहून दिलेला.

हे पुस्तकी वाटतं. मला ते करंज्यांवरून कळलं.

आत्या दर नाताळला आमच्याकडे करंज्या पाठवायची. हक्कसोडपत्राच्या आधी पाठवायची आणि नंतरही, स्टीलच्या त्याच डब्यात, वर वर्तमानपत्राचा कागद. २००६ च्या नाताळला डबा आला आणि मी एक करंजी तोंडात टाकली, घशाखाली उतरेना. मुलं खात होती. मी बायकोला म्हटलं, तेलकट आहेत यंदा. पुढच्या वर्षी ॲसिडिटी. असं करत बारा नाताळ. मी सगळं ऐकून घेऊ शकलो असतो, तिने शिव्या घातल्या असत्या तर मी पण चार शब्द सुनावले असते आणि हिशेब मिटला असता, पण त्या डब्यावर काय उपाय? कृपा गोड लागते असं कोणी सांगितलं? बारा वर्षं मला ती घशात अडकत होती आणि मी तिला ॲसिडिटी म्हणत होतो.

तर २०१८ चा उपवासकाळ, ईस्टरच्या आधीचा. एका चर्चमध्ये सामूहिक पश्चात्ताप विधी होता, असा विधी असला की बाहेरचे पाच-सहा फादर येतात, कोपऱ्याकोपऱ्यात खुर्च्या टाकून बसतात आणि लोक रांगा लावतात. मी सगळ्यात छोटी रांग पकडली. फादर म्हातारे, ऐकायला कमी येत असावं, कारण माझं घासूनपुसून ठेवलेलं वाक्य झाल्यावर त्यांनी कान पुढे केला. (फादर हे कधीच कोणाला सांगू शकत नाहीत, त्यांच्यावर गुप्ततेचा शिक्का आहे. माझ्यावर नाही, म्हणून लिहितोय.)

“कोणाची मालमत्ता?”

बारा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, आत्याची.

“आहे का आत्या?”

“आहे.”

“कुठे असते?”

मी म्हटलं, इथून वीस मिनिटं. ते काही बोललेच नाहीत. रागावले पण नाहीत. मी आपला वाट बघत बसलो की आता झापतील, आणि बघता बघता माझ्याच तोंडून सगळं बाहेर आलं, रिक्षा, चष्मा, रस, मागच्या रांगेतल्यांना ऐकू गेलं असेल तर गेलं असेल. देवाचं माहीत नाही, पण त्या क्षणी पहिल्यांदा मला आत्याचा हात दिसला, पिशवीत चष्मा चाचपडणारा. आत कुटल्यासारखं झालं. रडलो वगैरे नाही, नाक मात्र गळत होतं.

मग त्यांनी हात वर केला आणि क्षमा द्यायला लागले. मी घाबरून मध्येच म्हटलं, फादर, अजून परत नाही दिलंय. ते म्हणाले, “देशील.” आणि पूर्ण केलं. प्रायश्चित्त काय, तर तिच्याकडे जेवायला जा. बाकी तुझं तुला कळेल.

मला हे नंतर किती तरी दिवस पचलं नाही. संत ऑगस्टीन तर म्हणून गेलेत की हिरावलेलं परत दिल्याशिवाय पाप सुटत नाही, देता येत असेल तर. मग या फादरनी उधारीवर क्षमा दिली? मग एका रविवारी चर्चमध्ये बायबलमधल्या जक्कयचं वाचन ऐकलं आणि या खेपेला क्रम लक्षात आला. यरीहोचा जकातदार, बुटका, लोकांना लुबाडून गब्बर झालेला, येशूला बघायला उंबरावर चढून बसलाय. येशू वर बघतो आणि म्हणतो, खाली उतर, आज मला तुझ्याच घरी राहायचंय. एवढंच. आधी लुबाडलेलं परत दे मग येतो, असं नाही. लोक कुरकुरतात की पाप्याच्या घरी जेवायला गेला. आणि हा भिडू त्यानंतर, पाहुणा घरी आल्यावर, उभा राहून म्हणतो की अर्धी संपत्ती गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. चौपट कोणी मागितलं होतं का? उंबरावर बसून त्याने किती वर्षं अपराधी वाटून घेतलं असेल कोण जाणे, पण त्या वाटण्याने कोणाला एक पैसा परत मिळाला नव्हता.

यहूदाला, येशूला पैशासाठी पकडून देणाऱ्या शिष्याला, पश्चात्ताप झाला नव्हता असं आम्ही लहानपणी धरून चाललो होतो. झाला होता की. मत्तयच्या शुभवर्तमानात स्पष्ट आहे, तीस नाणी परत नेऊन टाकली, मी पाप केलं म्हणाला. माझ्यापेक्षा पुढे गेला तो, मुद्दल परत केलं त्याने. पण ज्यांच्याकडे नेलं ते म्हणाले, आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. आणि त्याने खरंच आपलं आपण बघितलं, जाऊन गळफास घेतला. पेत्र हाही शिष्यच, त्याने येशूला आपण ओळखतच नाही असं तीनदा म्हटलं, कोंबडा आरवला, आणि लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो की तेव्हा प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिलं. तो रडला ते त्यानंतर. यहूदाकडे वळून बघणारं तिथे कोणी नव्हतं, होते ते मंदिरातले हिशेबनीस. मी यावर फार बोलू नये, माझा तेवढा अभ्यास नाही, पण गुड फ्रायडेला मला हल्ली यहूदाचंच जास्त वाईट वाटतं.

जेवायला जायला मी तीन आठवडे लावले. बायकोला आधी सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, म्हणजे ती ॲसिडिटी नव्हती? मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, एफडी मोडावी लागेल.

आत्याकडे गेलो तर तिने बोंबलाचं कालवण केलं होतं. मी सगळं तोंडपाठ करून गेलो होतो, कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं. दुसरं वाक्य संपायच्या आत ती म्हणाली, माहीत आहे मला. नारळ उतरवायला येणाऱ्याच्या मुलाने तलाठ्याकडून उतारा काढून दिला होता तिला. कधी? तर २००७ मध्ये. म्हणजे अकरा करंज्यांचे डबे माहीत असताना आले होते. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तू बोलायचास ना, मी काय बोलू. आणि वाटीत अजून एक बोंबील टाकला.

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मला ते ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, उरलेल्या वाडीतला अर्धा हिस्सा तुझ्या नावावर बक्षीसपत्राने करतो, आणि विकलेल्याचे पैसे हप्त्याहप्त्याने देतो. मला वाटलं, नको रे म्हणेल, माझं आता काय राहिलंय म्हणेल, म्हाताऱ्या माणसांना तशी सवय असते, आणि आत कुठेतरी मी ते ‘नको’ गृहीत धरून बसलो होतो बहुतेक. ती म्हणाली, “दे. माझंच आहे.”

स्टॅम्प ड्युटी चांगलीच बसली. वकिलाने मसुदा केला, नऊ पानं, आणि मी तो एका संध्याकाळी तिच्याकडे घेऊन गेलो, म्हटलं, आत्या, सोमवारी जायचंय, बघून ठेव. ती उठली, आतून चष्म्याची डबी आणली, काचा पदराने पुसल्या, दिव्याखाली खुर्ची ओढून बसली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. सातवीपर्यंत शिकलेली बाई, एकेक शब्द ओठ हलवत वाचत होती. मी म्हटलं, मी थोडक्यात सांगू का? तिने मान हलवली, नाही. चर्चची संध्याकाळची घंटा झाली, तिने बोट तिथेच ठेवून प्रार्थना म्हटली आणि पुढे वाचायला लागली. डास चावत होते. तिसऱ्या पानावर ती थांबली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली,

“चतुःसीमा म्हणजे काय रे?”

मी सांगितलं. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, उत्तरेला विहिरीची वाट, दक्षिणेला कुंपण. तिने ऐकून घेतलं, बोट एक ओळ खाली सरकवलं.